आत की बाहेर

एक वर्ष मी जगातला अठराशेच्या आसपासचा टेनिसपटू होतो. हे सांगितलं की लोकांना फक्त ‘जगातला’ एवढंच ऐकू येतं. अठराशे हा आकडा त्यांच्या कानावरून निघून जातो आणि मीही तो दुसऱ्यांदा उच्चारत नाही. आमच्या गावी, सिंदेवाहीच्या बाजूला, चौकात माझा फ्लेक्स लागला होता. ‘जागतिक कीर्तीचे’ असं वर लिहिलेलं, आणि खाली माझं डोकं कुणा दुसऱ्याच्याच धडावर चिकटवलेलं. त्या धडाच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. बरोबरीचे पोट धरून हसले. मला हसता आलं नाही, कारण त्या फ्लेक्सपेक्षा मोठी लबाडी मी स्वतः करून बसलो होतो.

ती काय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको. मी एक चेंडू ढापला. आत पडलेल्या चेंडूला बाहेर म्हणालो. त्याचं फळ मला गोड मिळालं आणि कडू ते सगळं बाबांच्या वाट्याला गेलं.

बाबा चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत, साहेब लोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्ट राखणारा माणूस. जाळी ताणायची, रोलर फिरवायचा, रेघा मारायच्या आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याबरोबर दोन हात खेळायचं, पण बेतानं, साहेबाचा अपमान होणार नाही इतपत. बाबांना खेळता चांगलं येत होतं आणि बेतानं हरताही चांगलं येत होतं.

कोर्ट मुरमाचं. बाबा मुरूम चाळून घ्यायचे, पाणी मारायचे, रोलर ओढायचे, आणि वर्षातून दोनदा शेणमातीचा पातळ हात फिरवायचे. मग दोन खिळे, एक दोरी आणि तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन चुन्याच्या रेघा. दोरीचं दुसरं टोक मी धरायचो. बाकी माझं शिक्षण शाळेत झालं की त्या दोरीच्या टोकाशी, हे सांगणं कठीण आहे. अशा कोर्टावर भांडण फारसं होत नाही. चेंडू रेघेवर पडला तर चुना उडतो, मागे पडला तर मुरमात गोल खूण राहते. तरी बाबांना खूण पाहावी लागत नसे. उडालेला चुना खाली बसायच्या आत त्यांचं बोट वर गेलेलं असे, म्हणजे बाहेर, किंवा हात सपाट झालेला असे, म्हणजे आत.

त्यांच्यासाठी वर्कशॉपमधल्या वेल्डरनं एक उंच लोखंडी खुर्ची करून दिली होती. तिच्यावर बसून बाबा साहेबांच्या मॅचचे निकाल द्यायचे. एकदा तेव्हाच्या जनरल मॅनेजर साहेबांचा मॅच पॉइंटचा चेंडू बाबांनी बाहेर दिला. साहेब तावातावानं निघून गेले आणि महिनाभर फिरकले नाहीत. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. क्वार्टर खाली करायची वेळ येते की काय, असं तिला वाटे. महिन्यानं साहेब आले, रॅकेट बाकावर ठेवली आणि म्हणाले, “मार्कर खुर्चीवर बसत असेल तरच मी खेळतो.” दिवसभर माती-चुन्यात हात असलेल्या माणसाची वसाहतीत जी काही पत होती, ती सगळी त्या खुर्चीवर होती. हुद्दा नाही, शिक्षण सातवीपर्यंत. पण मार्करनं आत म्हटलं की आत.

मला शिकवताना त्यांनी नियम एकच सांगितला. “शंका आली तं पॉइंट त्याचा.” बाकी फोरहँड, बॅकहँड मी साहेबांचं पाहून उचलले.

चंद्रपुरात मी सगळ्यांना हरवायचो, नागपुरात बऱ्याच जणांना, आणि नागपूरच्या पलीकडे मला कुणीही हरवायचं. हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. पण वसाहतीत ते कुणाला सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी व्यावसायिक खेळाडू झालो.

खालच्या पायरीवरचं टेनिस टीव्हीवर दिसत नाही. तिथे टाळ्या नसतात, चेंडू आपले आपण वेचायचे असतात. मोठ्या स्पर्धेत थेट घेण्याइतकं तुमचं नाव नसतं, म्हणून आधी पात्रतेच्या फेऱ्या खेळायच्या. त्या सगळ्या जिंकल्या तर मुख्य स्पर्धेत जागा मिळते आणि तिथे पहिली फेरी जिंकली तर जागतिक क्रमवारीचा एक गुण. एक! एवढ्यासाठी मी रेल्वेच्या वरच्या बर्थवर रॅकेटची पिशवी उशाला घेऊन अर्धा देश पाहिला, म्हणजे अर्ध्या देशाची स्टेशनं पाहिली. पात्रतेच्या फेऱ्या रविवारी सुरू व्हायच्या आणि माझं बहुधा रविवारीच दुपारी आटपायचं. लॉजवर तिघांत एक खोली. सकाळी ज्यानं मला धुतलं, तोच दुपारी टूथपेस्ट मागायला उभा. हरल्यावर आईला फोनवर मी “थोडक्यात गेली” असं सांगायचो. ती थोडक्यात गेलेली मॅच कधी कधी सहा-एक, सहा-एक अशी असायची.

मग आई फोन बाबांकडे द्यायची. ते जिंकलास का, हरलास का, हे विचारायचेच नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “कोर्ट कसं होतं?” मग मी उसळी कशी होती, रेघा किती जाड होत्या, जाळी मधे सैल होती का, हे सगळं सांगायचो. तेवढ्या बोलण्यात मी खरं बोलत असे.

पाच वर्षांत पात्रतेच्या शेवटच्या फेरीपर्यंत मी कितीतरी वेळा पोचलो आणि दर वेळी तिथेच आपटलो. सहाव्या वर्षी नागपुरात स्पर्धा होती. घराजवळची म्हणून बाबांनी सुट्टी काढली. वसाहतीबाहेर माझी मॅच त्यांनी तोवर पाहिली नव्हती. पात्रतेच्या शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, क्लबाची खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात स्टीलचा डबा. चुन्यानं भेगाळलेले हात त्यांनी तेल लावून आणले होते.

आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्यांची लाज वाटली. बाकी खेळाडूंचे बाप गॉगल लावून, प्रशिक्षकांशी इंग्रजीत बोलत हिंडत होते. मी बाबांना एका बाजूला घेतलं आणि सांगितलं, “तुमी तिकडं मागं बसा. मले हाक मारू नका. बाहेरून कोणी बोललं तं मले पेनल्टी बसते, इथला नियम आहे.” नियम तसा अर्धा खरा होता. त्यांनी तो पूर्ण खरा मानला आणि मान हलवून मागे गेले.

रात्री पाऊस पडून गेला होता. निळ्या पक्क्या कोर्टावर पाण्याची थारोळी साचलेली. मैदानावरची माणसं रबराच्या दांड्यानं पाणी ओढत होती आणि ते काम काही धड करत नव्हती. बाबांना राहवलं नाही. त्यांनी एकाच्या हातातला दांडा घेतला आणि अर्ध्या तासात बेसलाइनच्या, म्हणजे शेवटच्या रेघेच्या, मागची सगळी पट्टी कोरडी करून दिली. मग मॅच सुरू झाली तेव्हा दांडा मांडीवर आडवा घेऊन ते एका उपड्या बादलीवर बसले, बरोबर बेसलाइनच्या सरळ रेषेत. सवयच ती. माझा प्रतिस्पर्धी एकोणीस वर्षांचा, दक्षिणेकडचा, काटकुळा पोरगा होता. त्यानं त्यांना मैदानावरचा कामगार समजणं साहजिक होतं. मला ते दिसत होतं आणि मी त्याला तसं समजू दिलं.

पात्रतेच्या फेरीत रेषांवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यायचा. चार कोर्टांना मिळून एक अधिकारी फिरत असतो आणि जो चेंडू त्यानं पाहिला नाही त्याच्याबद्दल तो काही करू शकत नाही. तिसरा सेटही पूर्ण खेळवत नाहीत. दोन गुणांचं अंतर राखून जो आधी दहा करील तो जिंकला. एकेक सेट झालेला, आणि आता मी आठ, तो नऊ. मॅच पॉइंट त्याचा.

त्यानं फोरहँड मारला. खोल, जोरात. चेंडू माझ्या बेसलाइनच्या मागच्या कडेवर टेकला. तो मला दिसला, स्वच्छ दिसला. माझा हात आपोआप वर गेला, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. हात कधी आपोआप वर जात नाही. मी बोट वर केलं आणि मोठ्यानं “आऊट” म्हणालो. पक्क्या कोर्टावर ना चुना उडतो, ना खूण राहते.

पोरगा जाळीपाशी धावत आला. अधिकाऱ्याला बोलावलं. अधिकाऱ्यानं मला विचारलं, नक्की का? मी म्हणालो, नक्की. ते ऐकून पोरगा गर्रकन वळला आणि बादलीवर बसलेल्या माणसाला हात जोडून म्हणाला, “अंकल, आप तो यहीं बैठे थे। आपने देखा ना? अंदर था ना?”

अधिकारी म्हणाला की बाहेरच्या माणसाचं म्हणणं धरता येत नाही. पण पोरानं नजर हलवली नाही. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रॅकेटच्या तारा सरळ करत होतो. बाबा म्हणाले, “नहीं देखा बेटा।”

पुढचे दोन गुण त्या पोरानं डोळ्यांत पाणी असताना खेळले आणि दोन्ही घालवले. मी अकरा-नऊनं जिंकलो. त्यानं जाळीपाशी येऊन नीट हात मिळवला, नजरही चुकवली नाही. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी झाडाखाली डबा उघडला. भात, वांग्याची भाजी आणि आईनं मुद्दाम केलेले लाखोरीच्या डाळीचे वडे. “जेव,” म्हणाले. स्वतः जेवले नाहीत, “मले भूक नाई.” मी सगळे वडे खाल्ले. मग ते दुपारच्या एसटीनं परत गेले. उद्याची मुख्य स्पर्धेची मॅच पाहायला थांबा, असं मी म्हणालो, पण एकदाच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत माझ्यासमोरच्या खेळाडूचा दुसऱ्या सेटमध्ये पाय मुरगळला आणि त्यानं मॅच सोडली. झाला माझा एक गुण. वसाहतीत लोक मोबाइलवर स्कोअर पाहत बसले होते. क्लबात पेढे वाटले गेले. त्या दिवशी बाबांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, “बरं झालं.” कोर्ट कसं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. माझ्या हे लक्षात यायला किती तरी महिने गेले, यावरून माझी अक्कल मोजावी.

गावात सत्कार झाला. शाल, नारळ, आणि तो बॅडमिंटनवाला फ्लेक्स. सरपंचांनी माइकवरून बाबांना स्टेजवर बोलावलं. ते मंडपाच्या खांबापाशी उभे होते. हात जोडून त्यांनी तिथूनच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, केवढा साधा माणूस. मलाही तसंच वाटून घ्यायला सोयीचं होतं.

मी परत दौऱ्यावर निघालो. एकदा आई फोनवर म्हणाली, “तुह्या बाबाले आता बॉल दिसत नाई म्हणते. खुर्चीवर बसणं सोडलं त्यायनं.” मी म्हणालो, मोतीबिंदू असेल, आलो की दाखवू. आणि आईबापाची काळजी घेणारा मुलगा म्हणून स्वतःवरच खूश होऊन झोपलो. आणखी एकदा ती म्हणाली, “विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाले गप राह्यते. बाकीचे म्हणते.” चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी म्हणालो, घसा बसला असेल.

क्रमवारीचा गुण बावन्न आठवडे टिकतो. त्र्याहत्तर गावं फिरलो असतो तरी दुसरा मिळाला नसता, आणि मिळाला नाही. बावन्न आठवड्यांनी सोमवारी सकाळी यादीतून माझं नाव गेलं. खांदाही बोलू लागला होता. मी घरी आलो.

आणि घरी आल्यावर त्याच एका गुणानं मला पोटापाण्याला लावलं. साहेबांनी ठरवलं की वसाहतीतला पोरगा जागतिक क्रमवारीत होता, तर क्लबात मुलांना शिकवायला बाहेरचा माणूस कशाला? फाटकावर पाटी लागली, ‘आंतरराष्ट्रीय मानांकित प्रशिक्षक’. त्या पाटीखालून बाबा रोज सकाळी रोलर ओढायला आत जायचे. मी मुलांना उभं करून सांगायचो, शंका आली की पॉइंट समोरच्याचा. हे सांगताना बाबा जवळपास नाहीत ना, हे मी आधी पाहून घ्यायचो.

क्लबात मात्र आनंदच होता. मार्कर खुर्चीवर नाही म्हटल्यावर साहेब लोक दर चेंडूला कचाकचा भांडत. दोन विभागप्रमुखांनी एका सर्व्हिसवरून बोलणं टाकलं होतं. कुणी विचारलं की बाबा पाण्याच्या नळाकडून म्हणत, “मले नाई दिसला साहेब.” लोखंडी खुर्चीवर टॉवेल वाळत असायचे. पण रेघा? रेघा आधी होत्या तशाच, दोरीसारख्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “रेघ दोरीनं माराची राह्यते, डोळ्यानं नाई.” मला ते पटलं. मला तेव्हा काहीही पटत होतं.

शेवटी साहेबांनीच फर्मान काढलं की मार्करचे डोळे तपासून आणा. मी बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून चंद्रपूरला नेलं. वाटेत आपण किती चांगलं काम करतोय, असं मनात येत होतं, तेही खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. बाबांनी वरचं मोठं अक्षर वाचलं. मग दुसरी ओळ, तिसरी, चौथी, कुठेही न अडखळता. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. ती मला माझ्या स्टुलावरून नुसती काळपट रेघ दिसत होती. डॉक्टर म्हणाले, “नाही दिसत? राहू द्या.” बाबा खाली पाहत बसले. मग मान वर करून त्यांनी ती ओळ सगळी वाचली. दुसऱ्या डोळ्यानंही वाचली.

“यांना लांबचं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं,” डॉक्टर हसून म्हणाले. “तक्रार काय होती?”

“काई नाई साहेब,” बाबा म्हणाले. “पोरगा घेऊन आला.”

आम्ही दवाखान्याचा जिना उतरू लागलो. आई कधी काय म्हणाली ते मी मनातल्या मनात मागे मागे लावत गेलो, आणि सगळं नागपूरच्या त्या बादलीपाशी जाऊन थांबलं. माणूस तक्त्यासमोरही खोटं बोलू शकला नव्हता. त्यानं आयुष्यात जे खोटं सांगितलं ते एकदाच, माझ्यासाठी, आणि मग ते खोटं पडू नये म्हणून इतकी वर्षं तो न दिसणारा माणूस होऊन राहिला होता.

परतीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडांखाली चहाची टपरी आहे. तिथे गाडी थांबवली. बाबा बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होते. मी उभाच राहिलो.

“बाबा, नागपूरचा तो बॉल आत होता.”

“कोणता?”

“तुमाले माहीत आहे कोणता.”

त्यांनी बशी संपवली, खाली ठेवली. “तो पोरगा हात जोडून इचारत होता मले. माह्यापासून हातभर दूर पडला होता बॉल. तो दिसला नाई म्हटलं मी. मंग इथी येऊन साहेबाचे बॉल कोणत्या तोंडानं सांगू? तिथी दिसत नाई आन इथी दिसते, असं राह्यते काय?”

“तुमी मले तेव्हाच सांगाचं होतं.”

“तुले काय सांगू?” ते म्हणाले. “तुले दिसला नव्हता काय?”

 ते रागावले असते तर मी रडून मोकळा झालो असतो. ते रागावलेले नव्हते. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. टपरीवाल्याला त्यांनी हाक मारून आणखी एक चहा मागवला आणि त्यातला अर्धा माझ्यापुढे सरकवला.

मी म्हणालो, त्या पोराला कळवतो. “कळव,” म्हणाले. कळवायला मला चार महिने लागले. पोरगा आता बराच वर गेला आहे, परदेशात खेळतो. मी मोबाइलवर लांबलचक लिहिलं, कितीदा खोडलं, एका दुपारी डोळे मिटून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं, हिंदीत, दोन ओळी. भाई, असं पुष्कळदा होतं, मला तर ती मॅच आठवतच नाही, काळजी घ्या. मी ते बाबांना वाचून दाखवलं. “चांगला पोरगा आहे,” ते म्हणाले आणि जाळीची गाठ मारत राहिले. मला वाटलं होतं आता तरी ते खुर्चीवरचे टॉवेल काढतील. ते टॉवेल तसेच राहिले.

गेल्या जानेवारीत क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. दुहेरीच्या अंतिम सामन्यात मी एका साहेबांचा जोडीदार होतो. समोर हल्लीचे जनरल मॅनेजर आणि त्यांचा भाचा. सकाळची वेळ, मुरमावर दव पडलेलं. दवानं चुना भिजून रेघेला चिकटून बसतो, उडत नाही. वसाहतीतली सगळी मंडळी बायकापोरांसह खुर्च्या टाकून बसलेली.

अगदी अटीतटीला आलेल्या गुणावर भाच्यानं माझ्या डोक्यावरून चेंडू उंच उचलला. मी पाठ करून मागे धावलो. वर पाहिलं तर सागाच्या शेंड्यावर आलेला सूर्य सरळ डोळ्यांत. चेंडू मला दिसलाच नाही. मागे कुठेतरी तो टेकल्याचा ओला आवाज तेवढा आला.

“आत!” पलीकडून ओरडा झाला. “बाहेर!” माझे साहेब ओरडले. मग जुन्या सवयीनं सगळ्या माना नळाकडे वळल्या. जनरल मॅनेजर म्हणाले, “मार्कर, काय ते सांगा एकदा. आत की बाहेर?”

बाबा पाइप गुंडाळत होते. “याले इचारा,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “त्याच्या बाजूले पडला.”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबाही. मला पटकन आत म्हणून मोकळं होता आलं असतं. चांगुलपणा दिसला असता. पण तेही खोटंच झालं असतं. मी खरं तेच सांगितलं, “मला दिसला नाही.”

सगळे खो खो हसले. “कोचलाही दिसत नाही!” कुणीतरी ओरडलं, “बापावर गेला!” त्या हसण्यात मी बाबांचं तोंड पाहिलं. ते हसत नव्हते. माझ्या त्याच शब्दांकडे ते जणू चाळणीतून मुरूम पाहावा तसे पाहत होते. त्यांचा विश्वास बसला असता तर त्यांनी, मंग पॉइंट त्यायचा, एवढंच म्हटलं असतं. रीत तीच आहे. त्यांनी पाइप खाली ठेवला, चपला काठाशी काढल्या आणि कोर्टात आले. बेसलाइनपाशी गुडघे टेकून त्यांनी ओल्या मुरमावरून नजर फिरवली, एका ठिकाणी थांबले आणि बोटानं खुणेभोवती गोल काढला.

“आत आहे,” ते म्हणाले. “बोटभर.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्करचे डोळे परत आले, म्हणून जनरल मॅनेजर स्वतः जाळी ओलांडून आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी जाऊन खुर्चीवरचे टॉवेलही काढले. एवढ्या माणसांत मला एकट्याला कळत होतं की ते खाली का वाकले. माझा शब्द त्यांना पुरला नव्हता, आणि तो पुरेसा वाटावा असं मी काही केलेलं नव्हतं.

साहेब त्यांना खुर्चीकडे नेऊ लागले, तेव्हा बाबांनी हलकेच आपला हात सोडवून घेतला.

“खूण होती म्हणून सांगितलं साहेब,” ते म्हणाले. “मले दिसला नाई.”

चपला घालून ते नळाकडे गेले. आम्ही तो गुण हरलो होतो. मी चेंडू उचलला आणि समोरच्यांना सर्व्हिससाठी दिला.